शेजारी ठेवलेले प्रस्थान

श्रीगजाननाला आणि वाग्देवीला वंदन करून, तापीमाईचे स्मरण करून, नातीच्या महाविद्यालयाचे दुसरे सत्र सुरू झाले त्या दिवसाची हकिकत लिहायला बसलो आहे. प्रसंग मंगल होता. लिहिताना मात्र माझी मान खाली जाते.

नात गावाहून रोज बसने जाऊन नंदुरबारला विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात शिकते. पहिल्या सत्रात तिचा प्रवेश उशिरा झाला. ती वर्गात पोचली तेव्हा प्रयोगशाळेतल्या जोड्या ठरून गेल्या होत्या. शेवटच्या टेबलाशी ती एकटीच उभी राहायची. कुणाला काही विचारण्याचा तिला धीर होत नसे. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ती नापास झाली. घरात तिला कुणी बोलले नाही, पण तिने मनाशी एक ठरवले होते आणि ते आम्हा सर्वांना ठाऊक होते. या खेपेस पहिल्याच दिवशी, पूर्ण तयारीनिशी, पहिल्या बाकावर बसायचे. एप्रन धुऊन इस्त्री केला, जर्नलला कव्हर घातले, बॅग भरून ठेवली.

सत्र उघडण्याचा दिवस नेमका अमावास्येचा निघाला. आमच्या घरी अमावास्येला नव्या कार्यासाठी कुणी उंबरा ओलांडत नाही. एक दिवस उशिरा जा, असे मी म्हटले असते तर तिचा सगळा बेतच मोडला असता. म्हणून परंपरेने दिलेली सोय मी सुचवली. जाणाऱ्याचे सामान आधीच्या शुभ तिथीला शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे, म्हणजे प्रवास त्याच वेळी सुरू झाला असे मानतात. याला प्रस्थान ठेवणे म्हणतात. मग निघायच्या दिवशी ते सामान वाटेत उचलून पुढे जायचे. त्रयोदशीला सकाळी तिची बॅग मी स्वतःच्या हातांनी शेजारच्या निवृत्त कंडक्टरांच्या देवघरापाशी ठेवून आलो. नातीने हसून मान डोलावली. तिचा माझ्या शास्त्रावर विश्वास होता की माझ्यावर माया होती, हे मी तेव्हा विचारले नाही.

आदल्या संध्याकाळी ती माझ्याजवळ आली. एप्रनचे एक बटण सैल होते. बॅग आणून तेवढे शिवते आणि लगेच परत ठेवते, असे म्हणाली. ठेवलेले प्रस्थान पुन्हा घरात आणणे म्हणजे निघालेल्या माणसाने माघारी फिरणे, असे सांगून मी तिला थांबवले. माझा स्वर मृदू होता, आणि त्या मृदू स्वरापुढे घरात कुणी वाद घालत नाही, हेही मला माहीत होते.

सकाळी ती बॅग घ्यायला गेली तर शेजारच्या दाराला कुलूप. विसरवाडीला कंडक्टरांच्या बहिणीची प्रकृती एकाएकी बिघडली, म्हणून दोघे नवरा-बायको पहाटेच निघून गेले होते. फोन लावला. बिचारे कळवळले, बॅग आत आहे हे घाईत लक्षातच राहिले नाही, खुशाल कुलूप फोडा, म्हणाले. तोवर थांब्यावर बस येऊन उभी राहिली होती. नातीने एकदा कुलपाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

“आबा, तुम्ही घर जा. मी दखी लेसु,” माझे मी बघून घेईन, एवढे बोलून ती रिकाम्या हातांनी बसकडे धावली.

मी दगड घेऊन कुलपावर मारू लागलो. सोवळ्यातला म्हातारा दुसऱ्याचे दार फोडताना पाहून चार माणसे जमली. त्यातला एक म्हणाला, “गुरुजी, या वयमा हाई काय धंदा सुरू करा?” सगळे हसले. मी दगड मारतच राहिलो. शेवटी त्यानेच माझ्या हातून दगड घेतला आणि कुलूप उघडून दिले.

पुढच्या बसने नंदुरबार गाठले. तास संपून प्रात्यक्षिकाची वेळ झाली होती. विचारत विचारत प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आलो, तेव्हा आतून शिकवणाऱ्या बाईंचा आवाज ऐकू आला.

“एप्रन नाही, जर्नल नाही. मागच्या सत्रातही तुझं असंच होतं ना?”

“मॅडम, मी विसरले,” नात म्हणाली.

ती विसरली नव्हती. माझे नाव पुढे येऊ नये म्हणून तिने दोष स्वतःकडे घेतला होता. आणि जिथे तिला नव्याने उभे राहायचे होते तिथेच घेतला होता. जन्मभर विद्यार्थ्यांना सत्य बोलण्याचा पाठ दिला. माझ्या नातीला माझ्यापायी असत्य बोलावे लागले. परत फिरावे असेही क्षणभर वाटले, हे लपवत नाही.

आत जाऊन हात जोडले. म्हणालो, “बाई, ही विसरलेली नाही. हिची बॅग मी अडवून ठेवली होती.” मग सगळे सांगितले. मुले तोंड दाबून हसत होती. नात टेबलाकडे पाहत उभी होती.

बाई हसल्या नाहीत. “म्हणजे मुलगी वेळेवर आली आणि प्रस्थान मागे राहिलं,” त्या म्हणाल्या. मग नातीला पहिल्या टेबलाशी बोलावून एका मुलीच्या जोडीला उभे केले. नातीने माझ्याकडे न पाहता बॅग घेतली आणि सैल बटणाचा एप्रन अंगात घातला.

संध्याकाळच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मीच क्षमा मागितली. तेव्हा खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “आबा, आता पुढे बॅग मन्हाजोडेच ऱ्हाऊ द्या.” बॅग तिच्याजवळच राहील, असे मी कबूल केले. थोड्या वेळाने जोडीदारीण चांगली मिळाल्याचेही तिने सांगितले.

त्या दिवसापासून ती रोज आपल्या वेळेला निघते. मी तिथी सांगत नाही, तीही विचारत नाही. पंचांग मी आजही वाचतो. पण ती नमस्काराला वाकली की आशीर्वाद देताना माझा हात किंचित थबकतो.

वाचकहो, तुमच्या घरातून विद्येसाठी निघणाऱ्या प्रत्येक लेकराची वाट परमेश्वर मोकळी ठेवो. तुमच्या कुटुंबात आरोग्य आणि समाधान नांदो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वेळीच बाजूला होण्याची सद्बुद्धी लाभो.