पेटी अप्पाच्या घरी असते

शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी लाल रंगाची, वाकवलेली एक लोखंडी वस्तू माझ्या नाकासमोर धरली. विचारलं, "ए पोरी, हे काय आहे?"

मी म्हणाले, "घोड्याची नाल."

साहेब हसले. साहेब हसले म्हणून गुरुजी हसले. खुर्चीवर बसलेले अप्पा, म्हणजे आमच्या गावचे सरपंच, मांडीवर थाप मारून हसले. मग सगळा वर्ग हसला. त्यातल्या एकालाही ती वस्तू काय आहे हे ठाऊक नव्हतं. पण हसायला कुठं काय ठाऊक असावं लागतं?

"मांगाचं लेकरू हाय, सायब," अप्पा म्हणाले. "त्येला काय कळतंय?"

साहेबांनी ती वस्तू पेटीत टाकली आणि रुमालानं हात पुसले. "सरकार एवढा पैसा ओततंय यांच्यावर. पालथ्या घड्यावर पाणी." मग सोबतच्या कारकुनाला म्हणाले, "लिहा. साहित्य उपलब्ध. गुणवत्ता नाही."

कारकुनानं लिहिलं. मला 'बस' म्हणायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. जीप वेशीबाहेर जाईपर्यंत मी उभीच होते.

मी तेव्हा चौथीत होते. रेणापूरजवळचं आमचं गाव. जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. शाळेच्या पाटीवर 'जि. लातूर' असं रंगवलेलं, पण रंग पातळ, त्याखालून 'उस्मानाबाद' वाचता यायचं. पावसानं सलग दगा दिलेला. टँकर यायचा, आमच्या वस्तीला सगळ्यात शेवटी. माय रोजगार हमीवर खडी फोडायची, तिथला मुकादम अप्पाचा माणूस. बा शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायचा.

शाळा एका खोलीची. चार वर्ग, एक गुरुजी. आम्ही वस्तीवरची पोरं दारापाशी, चपलांच्या शेजारी. रोज सकाळी शाळा झाडायचं काम माझ्याकडं. का, असं कधी कुणी विचारलं नाही. केरसुणी आमच्या घरची, म्हणून झाडणारीही आमच्याच घरची. हिशेब सरळ होता.

ती पेटी त्याच वर्षी आली होती. खडू-फळा म्हणायचे त्या योजनेला. खेड्यातल्या शाळांना सरकारनं सामान पाठवलं होतं. पेटी गाडीतून उतरली ती थेट अप्पाच्या घरी. शाळेच्या दाराला धड कडी नव्हती. सामान मोडलं, हरवलं, तर भरून कोण देणार? गुरुजींना पगारातून कापून जाईल याची धास्ती. अप्पा म्हणाले, "माझ्याकडं राहू द्या, गुरुजी." गुरुजींना वाटलं, बला टळली. साहेब यायचे त्या दिवशी दोन मोठी पोरं पेटी शाळेत आणायची. साहेब गेले की पेटी परत. हे मला सगळं नंतर कळलं.

त्या वेळी मी साहेबांचंच खरं धरलं होतं. माझं डोकंच पालथं असणार. मी वर्गात हात वर करायचं सोडून दिलं. पाढे येत असून म्हणेना. घरी काही सांगितलं नाही. लाज एवढी होती की माय केस विंचरायला लागली तरी मी मान खाली घालायची.

मग दिवाळी आली. दिवाळीला गावात प्रत्येक घरी नवी केरसुणी लागते. तिला लक्ष्मी म्हणतात, हळदकुंकू वाहतात. केरसुणी देवापुढं जाते. बांधणारा अंगणातच राहतो. बा आणि मी अप्पाच्या अंगणात उभे होतो.

ओसरीवर पेटी उघडी पडली होती. अप्पाचा नातू लातूरला इंग्रजी शाळेत शिकायचा, सुट्टीला आला होता. त्याच्या हातात ती लाल नाल होती. समोर टाचण्यांचा ढीग. तो नाल जवळ नेई आणि टाचण्या उड्या मारून तिला चिकटत. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशी माळच लोंबायची.

मी सगळं विसरले. पाय आपोआप पायरीवर गेले.

"ए! कुठं चढलीस? मागं सर!" अप्पाची सून ओरडली.

बानं माझा दंड धरून मागं ओढलं. ती आत गेली, तांब्या घेऊन आली आणि माझा पाय जिथं पडला होता त्या पायरीवर पाणी ओतलं. भरला तांब्या. आमच्या घरी चौघांना तेवढ्या पाण्यात सकाळ काढावी लागायची.

बा झपाझप पुढं चालू लागला, मी मागून. माझी लाज त्या दिवशी संपली. तिच्या जागी राग आला, आणि तो मला फार बरा वाटला. सरकारनं पाणी ओतलं होतं, खरं होतं ते. पण ते अप्पाच्या ओसरीवर ओतलं होतं. माझ्या घड्यापर्यंत थेंब आला नव्हता, आणि घडा पालथा ठरवून साहेब मोकळे झाले होते.

परीक्षेच्या आधी निरोप आला. साहेब पुन्हा येणार, योजनेचा फायदा झाला का ते बघणार. गुरुजींचं धाबं दणाणलं. मागच्या शेऱ्यावरून त्यांना खुलासा द्यावा लागला होता. मग त्यांनी एक शक्कल काढली. फळ्यावर खडूनं पेटीतल्या एकेका वस्तूचं चित्र काढलं आणि खाली नाव लिहिलं. चुंबक. भिंग. पृथ्वीगोल. तराजू. आम्ही आठवडाभर घोकलं. पेटी अप्पाच्या घरी, चित्रं फळ्यावर, आणि आमचं शिक्षण चाललेलं!

आदल्या दिवशी गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "पोरी, तुलाच विचारतील बघ. नीट सांग. माझ्या नोकरीचा सवाल हाय." ते हात जोडतात की काय असं मला वाटलं. वाईट माणूस नव्हता तो. भित्रा होता. पण त्याच्या भिण्याची किंमत आम्ही मोजत होतो.

तीच जीप. तेच साहेब. अप्पा खुर्चीवर. साहेबांनी मला ओळखलं आणि हसतच ती लाल वस्तू उचलली. "काय गं, आज काय आहे हे?"

"चुंबक," मी म्हणाले.

"शाबास!" साहेब खूश झाले. कारकुनाकडं वळले. "लिहा. योजनेचा परिणाम दिसू लागला आहे. विद्यार्थ्यांत प्रगती."

कारकुनाचा पेन चालू लागला. गुरुजींनी श्वास सोडला. मला फक्त खाली बसायचं होतं. बसले असते तर गुरुजी वाचले असते, मायची मजुरी वाचली असती, कदाचित मला वहीसुद्धा बक्षीस मिळाली असती.

मी बसले नाही.

"सायब, लिहू नका," मी म्हणाले. "मी ह्येला हात लावला न्हाई. कुणीच लावला न्हाई. पेटी अप्पाच्या घरी असते. त्यांचा नातू खेळतो. आमी फळ्यावरचं चित्र बघून नाव पाठ केलंय."

साहेबांनी अप्पाकडं पाहिलं. अप्पा हसायला गेले, पण त्यांना ते जमलं नाही. कारकुनानं पेन उचलला आणि वाट बघत राहिला.

"बस खाली," साहेब म्हणाले. मग कारकुनाला म्हणाले, "पुढचं घ्या."

लिहिलेलं खोडलं नाही. आदल्या वेळी पैसा वाया गेला होता, या वेळी पैशाचा फायदा झाला होता. दोन्ही शेरे सरकारी कागदावर आहेत. दोन्ही वेळा माझ्यावरून लिहिले, आणि दोन्ही वेळा माझे हात रिकामे होते.

आठवड्यात मुकादमानं मायला कामावरून परत पाठवलं. "तुजं नाव हजेरीपटात न्हाई," म्हणाला. बाच्या केरसुण्या घ्यायला गावात कुणी तयार होईना. घरी चूल थंड. मी रडायला लागले. माझ्यामुळं झालं म्हणाले.

मायनं विचारलं, "खोटं बोललीस का?"

"न्हाई."

"मग रडतीस कशाला? पोट आधीबी रिकामंच व्हतं."

उन्हाळ्यात आम्ही गाव सोडलं. लातूरच्या अडत बाजारात बा हमाली करू लागला, माय धान्य निवडू लागली. त्या धुळीत मी शिकले. पुढं शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात वाचलं, त्या वस्तूचं नावच 'नालाकृती चुंबक' आहे. घोड्याच्या नालेसारखी दिसते म्हणून! त्या रात्री मी मनात साहेबांना भरपूर शिव्या घातल्या.

आता मी हिमायतनगरकडच्या एका सरकारी शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात नांदेडला बैठक होती. एका विद्वान माणसानं भिंतीवर आलेख दाखवले. खर्च वाढला, पोरांना वाचता येत नाही, म्हणजे शाळांना पैसा दिल्यानं गुणवत्ता वाढत नाही. सगळे माना डोलावत होते. मी उठून विचारलं, "तो पैसा पोरांच्या हातापर्यंत पोचला का, हे कुणी मोजलं?"

"मॅडम, तो आजचा विषय नाही," ते म्हणाले.

तोच विषय आहे. दुसरा विषयच नाही.

आमच्या शाळेत दोन वर्षांपासून संगणक आहेत. मुख्याध्यापकांच्या शेजारच्या खोलीत, चादरीखाली, कुलपात. परवा त्यांनी उपयोगिता प्रमाणपत्र माझ्यापुढं सरकवलं. छापील ओळ होती, विद्यार्थी नियमित वापर करतात. खाली माझ्या सहीची जागा.

"मॅडम, समदेच सही करून राहिले. तुम्ही एकट्या कशाला अडून राहिल्या?"

मी कागद तसाच परत केला. आता नोटीस आली आहे. बदली होईल, वेतनवाढ थांबेल, असं स्टाफरूममध्ये कुजबुजतात.

होऊ द्या. सोमवारपासून माझा वर्ग त्या कुलपाच्या दारासमोर, व्हरांड्यात भरणार आहे. दार उघडेपर्यंत तिथंच भरेल. माझ्या एकाही पोराच्या नावावर कुणाला खोटा शेरा लिहू देणार नाही, नापासाचाही नाही आणि शाबासकीचाही नाही. बदली करायची तर करा. जिथं पाठवाल तिथं पहिल्या दिवशी मी एकच विचारणार आहे, किल्ली कुणाकडं आहे?