सहा वर्षं उभ्यानं जेवले

मिरजेच्या फलाटावर मला गाडीत बसवून द्यायला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वतः आल्या होत्या. विट्यापासून एसटीत त्यांनी एक पिशवी मांडीवर धरून ठेवली होती. गाडी हलायच्या बेताला आली तशी खिडकीतून ती चटणी-भाकरीची पिशवी आत सारत म्हणाल्या, "दोन म्हैन्यात ये. म्हस तुज्याबिगर धार देत न्हाई."

दोन महिन्यांचीच तर गोष्ट होती. माझा भाऊ केरळात कन्नूरला सोनं गाळायचं, म्हणजे गलाईचं दुकान चालवतो. आमच्या विट्याकडचे कितीतरी पुरुष असेच कुठल्या ना कुठल्या शहरात भट्टीपुढे बसलेले असतात. वहिनीचं ऑपरेशन झालं, स्वयंपाकाला माणूस हवं होतं, आणि घरात मोकळी अशी मीच. वय सत्तेचाळीस, मूलबाळ नाही, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. धाकटे दीर शेजारच्याच घरात, त्यामुळे आत्याबाईंना सोबत होती.

मोकळी म्हणजे दिवसभर राबायची. नवरा गेल्यापासून मला खाली बसवतच नसे. जेवणसुद्धा चुलीपाशी उभ्यानं, हातावर भाकरी घेऊन. बसलं की समोरची रिकामी जागा दिसायची. हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नव्हतं.

कन्नूरला पोचले आणि दुसऱ्याच दिवशी घोळ घातला. खाली दुकान, वर घर. सकाळी लवकर उठून मी दुकान लख्ख झाडलं. कोपऱ्यात केराचा ढीग तसाच पडलेला. वहिनी आजारी म्हणून काय दुकानाचा उकिरडा करायचा, असं पुटपुटत मी तो घमेल्यात भरला आणि रस्त्यापलीकडच्या कचऱ्यावर ओतून आले. दादा खाली आला आणि डोक्याला हात लावून पायरीवर बसला.

गलाईच्या दुकानातला केर कुणी टाकत नाही. सोन्याचे बारीक कण जमिनीवर, पायपुसण्यात, हात धुतलेल्या पाण्यातसुद्धा असतात. ते सगळं महिनोन् महिने साठवतात, मग केर जाळून, कुटून, धुऊन त्यातलं सोनं काढतात. सगळा जन्म विट्याजवळ गेला आणि मला हे ठाऊक नव्हतं. आमचे पुरुष गावी आले की सोन्याबद्दल बोलतात, केराबद्दल कोण बोलणार?

दादाकडे वीस वर्षं काम करणारे वसंतराव तिथे होते. आमच्याच भागातले, कुंडलकडचे, बायको वारलेली. ते घमेलं घेऊन रस्ता ओलांडून गेले आणि उकिडवे बसून केर गोळा करू लागले. मेल्याहून मेल्यासारखी होऊन मीही शेजारी जाऊन बसले. येणारेजाणारे थांबून बघत होते.

"असू द्या," मान वर न करता ते म्हणाले. "नव्या मानसाला केर केरच दिसतोय."

पुढे केर धुवायची वेळ आली तेव्हा मी मागे लागून शिकून घेतलं. राख पाण्यात घालून परात हलकेच फिरवायची. हलकं वर येऊन निघून जातं, जड तळाशी राहतं. जन्मभर तांदूळ रोळून खडे काढलेल्या बाईला हे काय अवघड? माझ्यापेक्षा तुमचा हात चांगला आहे, असं वसंतराव दादाच्या देखत म्हणाले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

संध्याकाळी समुद्रावर जाऊ लागलो, आधी वहिनीला फिरवायच्या निमित्तानं, मग निमित्ताशिवाय, वसंतराव आणि मी. मी टँकरच्या पाण्यावर वाढलेली. एवढं पाणी आणि त्यातलं घोटभर प्यायचं नाही, याचा मला रागच यायचा. वसंतराव तर वीस वर्षांत घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. एकदा एकमेकांचा हात धरून गुडघ्यापर्यंत गेलो. आमची मासेवाली, तिला सगळे चेची म्हणजे ताई म्हणतात, ती टोपली बाजूला ठेवून पोट धरून हसत होती. मलाही हसू आवरेना.

मग एके दुपारी मी सगळ्यांना वाढून नेहमीसारखी ओट्यापाशी उभी राहिले. वसंतरावांनी आपल्या शेजारी एक ताट मांडलं, त्यात वाढलं, आणि स्वतःच्या ताटाला हात न लावता बसून राहिले.

"तुमी बसल्याबिगर माजं सुरू व्हत न्हाई."

भात गार होत होता. दादा-वहिनी खाली बघत होते. मी बसले. पहिल्या घासाला रडू आलं, पण दुसऱ्या घासाला भूक लागली.

दोन महिन्यांचे अकरा महिने झाले. वसंतरावांनी लग्नाचं विचारलं, दादानं हरकत घेतली नाही. अडत होतं ते आत्याबाईंपाशी. ज्या घरातून त्यांचा लेक गेला, तिथून सुनेनंही दुसऱ्याचं कुंकू लावून उठून जायचं? त्या नको म्हणाल्या तर मी लग्न करणार नाही, हे मी वसंतरावांना सांगून टाकलं. जाऊन या, एवढंच ते म्हणाले.

गावी विषय काढायचा सोडून दोन दिवस घर सारवत राहिले. तिसऱ्या दिवशी चरवी घेऊन गोठ्यात बसले, तर म्हशीनं मला धार दिली नाही. आत्याबाईंनी मला उठवलं, आपण बसल्या, आणि चरवीत धार वाजू लागली.

"तू गेल्यावर पयल्या आटवड्यात लाता खाल्ल्या तिच्या," त्या म्हणाल्या.

मी म्हशीच्या पाठीकडे बघत सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत. चरवी भरल्यावर म्हणाल्या, "तितं बसून जेवतीस?"

मी चरवी त्यांच्या हातातून घेतली.

"सहा वर्सं बगत हुते. बस म्हनाय माजी जीब रेटली न्हाई. मला सुदिक तीच जागा दिसायची, पोरी."

"बसते," मी म्हणाले.

"मग जा."

लग्नाला आता दोन वर्षं होतील. घर सोडून लांब गेलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल, घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की क्षणभर अडखळायला होतं. माझंही तसंच व्हायचं. रोज दुपारी एकला आत्याबाईंचा फोन येतो. "बसलीस का?" एवढंच विचारतात. मग मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते आणि आम्ही जेवता जेवता बोलतो.

परवा केर धुवायच्या नादात मला फोन घ्यायला अर्धा तास उशीर झाला. आत्याबाई चिडलेल्या होत्या. "कवाधरनं बसलीया. भाकरी गार झाली माजी."

इकडे वसंतरावही ताटावर हात आखडून बसले होते. मी घाईघाईनं हात धुतले, ते पाणी न विसरता साठवणीच्या टाकीत ओतलं, आणि जेवायला बसले.