लोकांसमोरची चाल

माझ्या मांड्यांचे स्नायू विसाव्या वर्षापासून झिजत आलेत. तरी कट्टा गावच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि एसटीच्या थांब्यापासून तिथपर्यंत मी स्वतःच्या पायांनी जाते. पोट पुढे, खांदे मागे, गुडघा दुमडू नये म्हणून टाचा उचललेल्या, पायरी आली की मांडीला हाताचा रेटा. दिसायला वाईट, पण ही चाल मी पडून पडून शिकले आहे. बाबांना तिची लाज वाटते. रस्त्यात कोणी दिसलं की पुटपुटतात, "नीट चल गो, लोक बघतत."

गेल्या वर्षी गोव्यातल्या एका इस्पितळात माझ्या चालण्याचं कॉम्प्युटर मॉडेल करायचं ठरलं. अंगाला चमकते ठिपके चिकटवतात, भोवती कॅमेरे, आपण नुसतं चालायचं. कुठला स्नायू किती राबतो ते कॉम्प्युटर त्यावरून काढतो, आणि पायांना कसला आधार द्यायचा ते त्यावर ठरतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आत शिरताच शुद्ध मराठी बोलायला लागले, आम्ही सगळेच कचेरीत बोलतो तसे. माझ्या कानात मात्र मालवणीत म्हणाले, "आज तरी नीट चल."

आणि मी गाढवासारखी नीट चालले. दात आवळून टाचा टेकवल्या, हात मांडीपासून लांब ठेवले. पडद्यावर काड्यांची एक बाई ताठ चालत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरीच ताकद आहे की तुमच्यात." बाबांचा चेहरा मुलगी वर्गात पहिली आल्यासारखा झाला. पुढचे तीन दिवस मी अंथरुणातून उठले नाही.

त्या ताठ बाईच्या मापाचे प्लास्टिकचे आधार बनून आले. त्यांनी घोटा काटकोनात जखडला, टाच उचलेना, गुडघा दुमडला आणि दुकानाच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर मी तोंडावर आपटले. महिनाभर दुकान बंद. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "त्या मशिनाक काय कळता?" तेव्हा माझं डोकं फिरलं.

"मशिनाक आपण खोटां दाखवलां," मी म्हणाले. "तुमका लाज वाटता म्हणान."

ते चपला घालून बाहेर पडले. मी ते आधार पिशवीत भरून ठेवले.

इस्पितळात परत गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा ठिपके चिकटवले. या वेळी मी माझी चाल चालले. पडद्यावरची काड्यांची बाई झोके घेत निघाली. जिथे जोर लागत होता तिथले स्नायू लाल होत होते. कंबर, पाठ, पोटऱ्या, सगळं लाल. बाबा खुर्चीवरून उठून पडद्यापाशी गेले.

"रोज असां चलतंस गो तू?" भर इस्पितळात, सगळ्यांसमोर, मालवणीत.

त्यांचे डोळे भरले होते. मला मात्र संतापच आला. इतकी वर्षं मी त्यांच्या डोळ्यांसमोर चालतेय, आणि त्यांना दिसले ती काड्यांची झाल्यावर.