जोर न लावणारा हात

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि त्या चाळीस वर्षांत कशावरही जोर म्हणून लावला नाही. एखाद्या घड्याळाचं झाकण निघत नसेल तर ते बाजूला ठेवायचे, दुसरं काम हातात घ्यायचे आणि दुपारी पुन्हा त्याच्याकडे वळायचे. तोवर झाकणाचा राग शांत होतो, असं त्यांचं म्हणणं. घरीही तीच तऱ्हा. घट्ट बसलेली बरणी आईच उघडायची. बाबा दार इतकं हळू लावायचे की ते लागलंय की नाही हे आईला उठून बघावं लागे. मी त्यांची एकुलती एक मुलगी आणि मी दारं आपटणारी. कुणावर गेले कुणास ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. एकदा गिऱ्हाइकाच्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यातून उडाली ती गेलीच. आम्ही तिघांनी गुडघ्यांवर रांगून दुकान पालथं घातलं. त्याच आठवड्यात त्यांनी दुकान बंद केलं आणि विचारणाऱ्याला सांगू लागले, "डोळे साथ देत नाहीत." डोळे चांगले ठणठणीत होते. समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या शर्टाचं बटण तुटलंय, हे ते आमच्या खिडकीतून सांगायचे. पण आम्ही दोघींनी त्यांचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. उजवा हात तेव्हापासून खिशात गेला तो जेवणापुरताच बाहेर येऊ लागला.

हे सगळं पुन्हा वर आलं ते आईच्या कम्प्युटरमुळे. आई निवृत्त शिक्षिका. एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी तयार करते. तिचा जुना कम्प्युटर इतका रेंगाळू लागला होता की आडवा शब्द पडद्यावर उमटेपर्यंत तिला सुचलेला उभा शब्द डोक्यातून निघून जायचा. मी कम्प्युटरच्या दुकानात चौकशी केली. तिथल्या बाई म्हणाल्या, मेमरी कमी पडतेय, रॅमची एक पट्टी वाढवा. कम्प्युटर इथे आणलात तर पाच मिनिटांचं काम. मी पट्टी विकत घेतली आणि कम्प्युटर न्यायला घरी आले.

"न्यायचा कशाला? मी बसवतो की," बाबा म्हणाले.

"कशाला उगाच, बाबा? त्या पाच मिनिटांत..." बोलता बोलता माझी नजर त्यांच्या खिशाकडे गेली. ती त्यांनी पाहिली.

"मला नाही जमलं, तर त्या चौकातल्या घड्याळवाल्याला फोन कर," ते शांतपणे म्हणाले. "वर्षभर पेटी मागतोय ना माझी? घेऊन जा म्हणावं."

पेटी म्हणजे त्यांच्या हत्यारांची. दुकान गेलं तरी ती पलंगाखाली होती आणि दर रविवारी पुसली जात होती. नुसती धूळ खाते, देऊन टाका, असा धोशा वर्षभर मीच लावला होता. आणि आता त्यांनी आपणहून तोंडातून काढलं, तर मीच फोन बाजूला ठेवून टेबल रिकामं करायला घेतलं.

बाबांनी टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. वायर काढली. डोळ्याला भिंग लावलं. कम्प्युटरच्या डब्याला सगळे मिळून चार स्क्रू, तेही दारातून दिसतील एवढे.

"अहो, तो स्क्रू आहे, डास नाही," आई म्हणाली.

ते हसले नाहीत. काढलेला प्रत्येक स्क्रू त्यांनी फडक्यावर आपल्या जुन्या पद्धतीने मांडला. पहिला बाराच्या जागी, दुसरा तीनच्या, मग सहा, मग नऊ. लावताना उलट्या क्रमाने लावायचे, म्हणजे चूक होत नाही. आतली धूळ मऊ कुंचल्याने झटकली. पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास झाला. मी दात-ओठ खात बसले होते, पण बसले होते.

मग त्यांनी नवी पट्टी चिमट्यात धरली. हात थरथरत होता, पट्टी आतल्या खोबणीच्या काठावर टकटक आपटू लागली. त्यांनी चिमटा ठेवून दिला आणि पट्टी बोटांनी उचलली. पट्टीतली खाच जुळवली आणि झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तशी ती अलगद जागेवर ठेवली. बसल्यासारखी दिसत होती.

वायर लावून बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि डबा तीनदा कर्कश ओरडला. बाबांनी पट्टी काढली, फुंकर मारली, पुन्हा तितक्याच अलगद ठेवली. पुन्हा तीन शिट्ट्या. त्यांनी भिंग उतरवलं.

"झालं. कर त्याला फोन."

मी फोन केला, पण कम्प्युटरच्या दुकानात. दोघांना ऐकू जाईल असा मोठा आवाज ठेवला.

"पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपोआप मिटल्या का?" बाईंनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले.

"मग बसलीच नाही ती. दोन्ही अंगठ्यांनी दाबा. चांगला जोर लावा. खट् वाजलं पाहिजे."

"खट्?" बाबांचा चेहराच उतरला. फोन ठेवल्यावर ते आईला म्हणाले, "अगं, आमच्या धंद्यात खट् वाजलं म्हणजे काहीतरी मोडलं."

मला राहवेना. दाबायचंच तर मी दाबते म्हणून हात पुढे केला. आईने माझं मनगट पकडलं.

"तू हात लावायचा नाहीस," ती मला म्हणाली. मग त्यांना, "अहो, लावा जोर. मोडली तर मोडली. कोडी मी कागदावर करीन."

बाबा उभे राहिले. दोन्ही अंगठे पट्टीवर ठेवले आणि दाबले. काही झालं नाही.

"अजून," आई म्हणाली.

त्यांनी खांद्यातून भार दिला. माझं लक्ष पट्टीकडे नव्हतं, त्यांच्या उजव्या हाताकडे होतं. भार आला तसा तो हात थांबला. पार स्थिर. बाबांनाही ते दिसलं. त्यांनी हात सैल सोडला, तो पुन्हा थरथरू लागला. पुन्हा दाबला, पुन्हा थांबला. असं त्यांनी दोन-तीनदा केलं, पट्टीला विसरूनच. मग डोळे मिटून त्यांनी सगळं वजन टाकलं. खट्. आणि दुसऱ्या टोकाला, खट्.

या वेळी एकच शिटी वाजली आणि पडदा उजळला. आईने खुर्ची ओढली आणि एक शब्द टाकून बघितला.

"अगंबाई! हा तर माझ्याही पुढे पळतोय!"

बाबा पडद्याकडे बघत नव्हते. ते स्क्रू लावत होते, नऊपासून उलटे. एक त्यांच्या बोटांतून दोनदा निसटला.

"पेटी राहू दे ना आता," मी म्हणाले. वर्षभराचा माझा हेका मीच मोडला.

"नको. त्याला फोन कर," ते म्हणाले. आवाजात कुठे दुखरेपणा नव्हता. "ती हलक्या हाताची हत्यारं आहेत. तो हात नाही आता माझ्याकडे. पण मी वेड्यासारखा सगळाच हात टाकून दिला होता, गं."

त्यांनी उजवा हात पुढे करून माझा हात धरला आणि घट्ट दाबला. लहानपणी रस्ता ओलांडतानासुद्धा त्यांनी मला इतकं घट्ट कधी धरलं नव्हतं.

"थरथरतोय?"

"नाही, बाबा," मी म्हणाले.

माझी बोटं कळवळत होती. सोडा, असं काही मी म्हटलं नाही.