अर्धा कप चहा

दुपार कलली की खाडीवरचा वारा दिवाळे गावातल्या सुकत्या मासळीचा खारट, उग्र दर्प घेऊन नेरूळच्या आमच्या घरात शिरतो. नव्या सोसायटीतली निम्मी घरं अजून कुलूपबंद. अशा निर्मनुष्य शांततेत एखादा वाससुद्धा सोबतीसारखा वाटावा, इतकं का माणूस एकटं होतं!

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. यांची कंपनी तुर्भ्याला होती. रोज सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावरून यांना घेऊन जाई. मागच्या हिवाळ्यात एके दिवशी हे निघाले, एक मजला उतरले आणि हसत दारात परत आले.

"अजून अर्धा कप चहा दे ना. बसावंसं वाटतंय तुझ्याजवळ."

"अहो, बस चुकेल!"

"चुकू दे गं."

बस चुकली. हे स्कूटरवरून गेले आणि तुर्भ्याच्या वळणावर ट्रकने यांना उडवलं.

दिवसकार्य आटोपल्यावर साताऱ्याहून आलेल्या सासूबाई माझ्याजवळच राहिल्या. एका संध्याकाळी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पोरी, जल्माच्या वक्तालाच लिवलेलं असतंय. कुनाच्या हातात न्हाई."

 मनात आलं, हेच तर मी वर्गात निराळ्या भाषेत सांगते! प्रत्येक कणाचं स्थान आणि वेग ठाऊक असेल, तर उद्याचा दिवस आजच्या पोटात वाचता येईल, असं एक प्रकरण म्हणतं. पुढचं प्रकरण म्हणतं, अणूच्या अंतरंगात निश्चित असं काही नाही, आहेत त्या केवळ शक्यता. यातलं खरं कोणतं? पडताळायचं तर तीच सकाळ, तोच वारा, यांच्या मनातली तीच लहर पुन्हा जशीच्या तशी मांडावी लागेल आणि हे परत येतात की नाही ते पाहावं लागेल. ती सकाळ पुन्हा कोण मांडणार? प्रवाहातच वाहणाऱ्याने काठावर उभं कसं राहावं?

सारं आधीच ठरलेलं असेल, तर दोष कुणाचाच नाही. चहाचा नाही, माझाही नाही. केवढा दिलासा! पण मग दारातलं ते हसूही कणांचा निव्वळ हिशेब ठरतं. माझ्याजवळ बसावंसं वाटणंही यांचं उरत नाही.

सासूबाईंशी मी वाद घातला नाही. मुलगा गमावलेल्या आईला तिचं विधिलिखित असू दे. कळण्याचा मार्गच नाही, तेव्हा मी माझ्यापुरतं मानलं आहे, की हे आपल्या मनानं परत आले. तसं मानलं की हे वाचूही शकले असते, हा सल आयुष्यभर उरतो. उरू दे. हे माझ्यासाठी परत आले होते.