शेकाट्याचं पांढरं पोट

"ताई, तुमचा फोटो दुरुस्त केला. छापायले टाकू का?"

लोहारा गावातल्या प्रेसमधून डिझायनर संदीपचा फोन होता. मी म्हटलं, "हात लावू नकोस, येते." दुरुस्त करण्यासारखं त्या फोटोत काही नव्हतं.

नेरच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी नव्या दवाखान्याच्या भिंतीसाठी तो माझ्याकडून विकत घेतला होता. तलावात उभा शेकाट्या आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब. शेकाट्या म्हणजे लांब गुलाबी पायांचा, काळ्या पंखांचा, पांढऱ्या पोटाचा पक्षी. उथळ पाण्यात चालत किडे टिपतो. असा फोटो सकाळीच मिळतो. कोवळं ऊन आपल्या पाठीशी हवं आणि वारा पडलेला हवा. पाणी हललं की पक्ष्याचे तुकडे होतात. या एका फोटोसाठी मी कितीतरी सकाळी तलावाच्या पाळीवर बसून काढल्या होत्या.

संदीपने प्रतिबिंब पुसून तिथे वरचाच पक्षी उलटा चिकटवला होता.

"हे काय केलंस?"

"मॅच होत नव्हतं ना ताई. वर काळी पाठ, खाली पांढरं पोट. त्यात मळकट. आता पाहा कसा चकाचक!"

"पाळीवरून आपल्याला पाठ दिसते. पाण्यात पोटच दिसणार. आणि प्रतिबिंब थोडं मंदच असतं."

"मी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नगरसेवकाले बी उजळ करतो. मंग पक्ष्यानं काय पाप केलं?"

त्याचं तरी काय चुकलं? आमच्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर कोणीच स्वतःच्या रंगाचा नसतो. पण या फोटोखाली माझं नाव जाणार होतं. पक्षी जोडून लावते असा एकदा बोभाटा झाला की पुढचं काम कोण देणार?

"डॉक्टरसाहेबांनी व्हॉट्सअॅपवर पास केला," संदीप म्हणाला. उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं. मी छपाई थांबवली आणि नेर गाठलं.

"मॅडम, हाच बरा आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमचा लावला तर पेशंट म्हणतील, खालचा धूसर दिसतो, मोतीबिंदू झाला काय?"

"मग तुमचाच फायदा."

ते हसले, पण हलले नाहीत. मी चष्म्याच्या काउंटरवरचा आरसा आडवा ठेवला आणि त्यांच्या चहाचा कप त्यावर अधांतरी धरला.

"वर काय दिसतं?"

"चहा."

"आरशात?"

"कपाचं बूड."

"संदीप आरशातही चहाच दाखवतोय. त्याचाच फोटो लावायचा असेल तर माझं नाव काढा."

डॉक्टरांनी कप परत घेतला, एक घोट घेतला आणि संदीपला फोन लावला. "मॅडमचाच छाप. जसा आहे तसा."

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला गेले. भिंतीवर माझाच फोटो होता, छतापासून फरशीपर्यंत. छपाई उत्तम. समोर पेशंटसाठी खुर्च्यांची रांग भिंतीला चिकटवून लावलेली. शेकाट्या गुडघ्यापर्यंत दिसत होता. प्रतिबिंब सगळं खुर्च्यांमागे.

संदीपने पेढा पुढे केला. "कोणताबी चालला असता न ताई."

आता भिंतीचं काम आलं की उजेडाचं नंतर बोलते. आधी विचारते, खुर्च्या कुठे ठेवणार?