कुंड्यांमागची भेग

"ताई, भिंत फाटली हो. फाटक बी लागंना झालंय. तुमी आत्ताच्या आत्ता या."

गुरुवारी सकाळी मी नर्सरीत पाणी देत होते, तेव्हा वसमतहून कदमकाकूंचा फोन आला. रविवारी त्यांचं घर बघायला पार्टी येणार होती. त्या घरापुढची बाग मीच दहा दिवसांपूर्वी लावून दिली होती. भिंत कशानं फाटली, हे मला फोनवरच कळलं. हातातला पाइप तसाच टाकून मी गाडी काढली.

माझी नर्सरी हिंगोलीत, नरसी रस्त्याला आहे. रोपं विकते आणि बंगल्यांच्या बागा करून देते. अलीकडे एक नवंच काम मिळू लागलंय. घर विकायचं असलं की मालक म्हणतात, पुढची जागा जरा हिरवी करून द्या. म्हणजे बाग राहणाऱ्यासाठी नाही, बघायला येणाऱ्यासाठी. मी याला दर्शनी काम म्हणते. झाडं वाढायला वेळ नसतो, म्हणून वाढलेलीच आणून लावायची. गवत पेरायचं नाही, लॉनचे तयार रोल आणून चटईसारखे अंथरायचे. आठ-दहा दिवसांत उजाड अंगण ओळखू येत नाही.

कदम सर हायस्कूलमधून रिटायर झालेले. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नांदेडला रोज फिजिओथेरपी करा, सुरुवातीचे महिने वाया घालवू नका, नंतर हात तेवढा सुधारत नाही. वसमतहून रोज सरांना न्यायचं-आणायचं काकूंना एकटीला झेपत नव्हतं. घर विकून नांदेडला हॉस्पिटलजवळ छोटा फ्लॅट घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. चार पार्ट्या घर बघून गेल्या होत्या आणि एकही परत फिरकली नव्हती.

तेव्हा त्यांचे ब्रोकर गजूभाऊ माझ्याकडे आले.

"मॅडम, घर एक नंबर हाय. पर समोरचं अंगण बघून मानूस गेटातूनच माघारी जाऊन राहिला. फोटोत तर पार मसनवट दिसून राहिलीय. हिरवंगार करून द्या."

अंगणाचा त्यात दोष नव्हता. आपल्याकडची काळी माती एप्रिलमध्ये अशीच दिसते. वाळली की आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी मिळालं की फुगते. फुगताना तिच्यात भयंकर जोर असतो, हलका पाया असेल तर ती उचलून ठेवते. म्हणून काळ्या मातीत बाग करताना भिंतीपासून दोन फूट जागा सोडायची, तिथली माती काढून मुरूम भरायचा आणि त्या पट्टीत पाणी द्यायचं नाही. मुरूम फुगत नाही. नर्सरीतल्या नव्या माणसाला मी हे पहिल्याच दिवशी शिकवते.

आणि तेच मी केलं नाही. मुरमाचा ट्रॅक्टर दोन दिवस आला नाही. हळद शिजवून वाळवायचे दिवस, सगळे ट्रॅक्टर हळदीच्या मागे. इकडे लॉनचे रोल उन्हात पिवळे पडायला लागले होते. गजूभाऊ म्हणाले, "भितीपर्यंत न्या की मॅडम, फोटोत भरून दिसंल." मी नेलं. वर काकूंना सांगितलं, दिवसातून तीनदा पाणी द्या. काकू बिचाऱ्या पाचदा देत होत्या, तेही पाइप भिंतीच्या कडेला सोडून. चूक त्यांची नव्हती. मी सांगितलंच नव्हतं.

वसमतला पोचले तेव्हा ऊन तापलं होतं. पूर्वेच्या कंपाउंड वॉलला जमिनीपासून वरपर्यंत तिरपी भेग गेली होती. तीत माझं बोट सहज जात होतं. गेटचा खांब बाहेर कलला होता. लॉन मात्र फोटोतल्यापेक्षाही सुंदर दिसत होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

सर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मला बघून त्यांनी डाव्या हातानं काठी उचलली आणि भिंतीकडे रोखली.

"तीन दिवस झाले, अशीच काठी दाखवून राहिले," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, बाग आवडली म्हणून."

मी मान खाली घातली. शाळेची इमारत स्वतः उभं राहून बांधून घेतलेला माणूस तो. त्यांना सगळं दिसत होतं, सांगता तेवढं येत नव्हतं.

मी पाणी बंद करायला सांगितलं. भेगेवर आडव्या दोन कागदी पट्ट्या डिंकानं चिकटवल्या. भेग वाढत असेल तर पट्टी फाटते, साधी युक्ती आहे. तेवढ्यात गजूभाऊ आले आणि भिंत बघून मटकन ओट्यावर बसले.

"पानी बंद केलं तर रविवारपर्यंत लॉन जळंल, मॅडम. त्या पार्टीला मी फोटो पाठवून बसलो."

"आणि चालू ठेवलं तर भिंत पडेल."

"धा दिवसांत पडली न्हाई, तीन दिवसांत काहून पडंल?"

  पण व्हरांड्यातल्या खुर्चीपासून ती भिंत दहा फुटांवर होती. मी पाइप गुंडाळून गाडीत टाकला, म्हणजे कुणाला मोहच व्हायला नको.

शुक्रवारी सकाळी काकूंचा फोन आला, एक पट्टी फाटली. माती अजून फुगत होती. मला दिवसभर काही सुचलं नाही. नर्सरीतल्या बायकांवर उगाच खेकसले.

शनिवारी दोन माणसं घेऊन गेले. भिंतीकडेचं दोन फूट लॉन सोलून काढलं, ओली माती उपसली आणि मुरूम भरला. या वेळी ट्रॅक्टर मी स्वतः पुढे बसून आणला होता. उरलेल्या लॉनवर हिरवी नेट बांधली, झारीनं फक्त मधोमध पाणी शिंपडलं. कडा पिवळ्या पडायला लागल्याच होत्या. दुसरी पट्टी संध्याकाळपर्यंत शाबूत राहिली. भेग थांबली होती, पण दिसत तर होतीच.

गजूभाऊंनी माझ्या गाडीतल्या बोगनवेलीच्या आठ कुंड्या उतरवल्या आणि भिंतीला ओळीनं लावल्या. भेग पूर्ण झाकली गेली. मी नाही म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, मला हायसंच वाटलं.

"एक सांगून ठेवतो," ते हळूच म्हणाले. "घेनारं पोरगं बँकेत हाय, त्याला घर फोटोवरच पसंत हाय. पर बाप हट्टा गावचा कास्तकार हाय. त्याची एक खोड हाय. कोन्ती बी जागा एक पावसाळा बघितल्याबगर घेत न्हाई. दोन घरं अशीच लटकवून सोडली त्यानं."

आमच्याकडे जुनी माणसं असं करतात, त्यात वेडेपणा काही नाही. काळ्या मातीत उन्हाळ्यात सगळीच घरं सरळ उभी दिसतात. पाऊस पडून माती फुगली की कोणाचा पाया किती खोल, ते कळतं.

काकूंनी ते ऐकलं. "ताई, सरांची बोटं आत्ता कुठं हलून राहिली," त्या म्हणाल्या. "पावसाळाभर थांबायचं म्हणलं तर कसं व्हायचं?" त्यांनी पदर मुठीत धरला होता. मी कुंड्या तशाच ठेवल्या आणि घरी गेले.

रविवारी दहाला पार्टी आली. मुलगा, सून आणि मुलाचे वडील, हट्ट्याचे आबा. धोतर, टोपी, पायात कातडी वहाणा. सुनेनं लॉन बघितलं आणि "किती छान!" म्हणून मोबाइल काढला. मुलगा हसतच गजूभाऊंशी बोलायला लागला. माझ्या जिवात जीव आला.

आबांनी घराकडे बघितलंच नाही. वहाणा गेटाशी काढल्या आणि अनवाणी लॉनवर गेले. दोन पावलं टाकून उकिडवे बसले, गवत बाजूला करून दोन बोटं मातीत खुपसली. चिमूटभर माती काढून चोळली. मग माझ्याकडे बघितलं.

"बाग तुमी केली?"

"हो."

"पानी कव्हापासून देऊन राहिले?"

"दहा दिवस दिलं. गुरुवारी थांबवलं."

"थांबवलं काहून?"

गजूभाऊ मधेच म्हणाले, "आबा, आधी घर तर बघा आतून." आबा जागचे हलले नाहीत. काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागे सर. सरांची काठी वर उचललेली नव्हती, पण नजर कुंड्यांवर होती.  एक साधं वाक्य पुरेसं होतं, लॉनला आता कमी पाणी लागतं, वगैरे. ते जिभेवर आलंही होतं.

मी जाऊन मधल्या दोन कुंड्या बाजूला ओढल्या.

"भिंत फाटली म्हणून थांबवलं, आबा. भिंतीला लागून पाणी दिलं, मुरूम न भरता. चूक माझी आहे, घरमालकांची नाही. भिंत मी बांधून देणार आहे."

सुनेनं मोबाइल खाली घेतला. मुलगा गजूभाऊंकडे बघायला लागला. गजूभाऊ आभाळाकडे. आबा उठले, भेगेशी गेले, तीत बोट घातलं, कललेला खांब हातानं हलवून बघितला.  मग तडक घरात शिरले.

आम्ही बाहेर उभे. आतून त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. प्रत्येक खोलीचा कोपरा, खिडक्यांच्या खालची भिंत, फरशीचे सांधे, सगळं ते बघत होते. काकू सरांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पंधरा-वीस मिनिटांनी आबा बाहेर आले.

"पहार हाय का?"

माझ्या गाडीत होती. ती घेऊन त्यांनी घराच्या जोत्यालगत लॉनमध्ये सरळ मारली. "आबा, लॉन!" गजूभाऊ ओरडले. आबांनी ऐकलं नाही. पहार मऊ मातीत भसाभस जात होती. तीन फुटांवर ती थांबली. दोनदा हाणून त्यांनी ती उपसली. टोकाला पिवळा मुरूम चिकटला होता.

"पाया कुठंवर नेला?" त्यांनी काकूंना विचारलं.

"मुरमापर्यंत. मुरमात बी हातभर. सर रोज उभे राहत होते बघायला. कंपाउंड मागून बांधलं, त्याचा पाया तेवढा न्हाई."

आबांनी सरांकडे बघितलं. सरांनी सावकाश मान हलवली.

आबा मुलाकडे वळले. "मी पावसाळा बघितल्याबगर घर घेत न्हाई, तुला ठाव हाय."

काकूंनी डोळे मिटले.

"या बाईनं एप्रिलातच पावसाळा दाखवला. जोत्यापर्यंत माती वली हाय. भित फाटली आन् घराला केसाएवढा तडा न्हाई. आता आनखी काय बघायचं?"

मी न राहवून म्हटलं, "आबा, दहा दिवसांचं पाणी म्हणजे पावसाळा नव्हे. एकदा इंजिनिअरला दाखवा."

"दाखवतो की. पर तुमी कुंड्या सरकवल्या नसत्या तर न्हाई दाखवलं असतं. उठून गेलो असतो. एवढी वली माती आन् भितीला कुंड्यांची रांग, मला काय कळत न्हाई का?"

गजूभाऊंना तेव्हाच जोराचा खोकला आला.

इंजिनिअरनं पुढच्या आठवड्यात घर बघून होकार दिला. भिंत मी पदरचे पैसे घालून बांधून दिली, या वेळी मुरमापर्यंत. पाऊस सुरू व्हायच्या आत काकू नांदेडला गेल्या. ज्या लॉनपायी माझी झोप उडाली होती, ते आबांनी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात सोलून शेळ्यांना घातलं. तिथं आता वांगी आणि मेथी आहे. भिंतीकडची मुरमाची पट्टी मात्र त्यांनी तशीच कोरडी ठेवली आहे. माझ्या कोटेशनमध्ये हल्ली पहिली ओळ मुरमाची असते आणि लॉन दुसऱ्या पानावर. मुरूम आल्याशिवाय मी रोल मागवत नाही, मग ब्रोकर कितीही बोंबलो.

मध्ये नांदेडला रोपं पोचवायला गेले होते, तेव्हा काकूंकडे डोकावले. गॅलरीत मी दिलेली जास्वंदीची कुंडी होती. सर उठले, उजव्या हातात पेला धरला, डाव्या हाताचा आधार दिला आणि थरथरत कुंडीत पाणी ओतलं. काकूंनी दुसरा पेला पुढे केला. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मानेनंच नको म्हटलं.